तीन की आठ

मापसाहेबांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासली. वाण्याचे तराजू, तेलाची मापं, भंगारवाल्याचे लोखंडी किलो, जे दिसेल ते. खरं असेल त्यावर शिक्का मारायचा, खोटं असेल ते जप्त करायचं, आणि ज्याचं नक्की सांगता येत नाही त्याला तात्पुरती जप्ती म्हणून सुतळी बांधून वर लाखेची मोहोर लावायची आणि चिठ्ठी अडकवायची: 'पडताळणी प्रलंबित, वापर बंद.' या तिसऱ्या प्रकाराला माणसं फार वैतागायची. एक वाणी तर हात जोडून म्हणाला होता, "साहेब, खोटं तर खोटं म्हणा, पण हे असं लटकत ठेवू नका." मापसाहेबांनी त्याचा तराजू नऊ महिने लटकत ठेवला. नक्की सांगता येत नव्हतं, त्याला ते तरी काय करणार!

मापसाहेब हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. इमारतीतले लोक त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणायचे आणि पाठीमागे 'मापसाहेब'. त्यांना दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचंच जास्त आवडायचं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी कोणी किलोभर साखर आणली की यांचा हात आपोआप पिशवीखाली जायचा.

तर अशा माणसाच्या स्वयंपाकघरात एक जुना पर्कोलेटर होता. पर्कोलेटर म्हणजे कॉफी करायची विजेवरची उंच किटली. पोटात एक नळी, नळीवर भोकाभोकांचं डबडं, डबड्यात कॉफीची पूड, आणि झाकणावर काचेची गोल घुंडी. पाणी तापलं की नळीतून उसळून वर येतं, पुडीवर पडतं, झिरपून खाली जातं, परत वर येतं. आणि हे सगळं चाललं असताना ते यंत्र बोलतं. आधी घसा खाकरल्यासारखा एक आवाज. मग गप्प. मग दोनदा. मग सलग गुडगुड, गुडगुड. मापसाहेबांच्या बायकोनं एकतीस वर्षं रोज सकाळी साडेपाचला ते लावलं. आठ महिन्यांपूर्वी ती गेली, आणि तेव्हापासून मापसाहेब लावू लागले.

कॉफी त्यांना जमत नव्हती. एक दिवस चिखल, दुसऱ्या दिवशी गढूळ पाणी. चौतीस वर्षं लोकांना ग्रॅमचा हिशेब शिकवणाऱ्या माणसाला पुडीचं माप सापडू नये, याची त्यांना स्वतःलाच लाज वाटायची. पण आवाज तोच यायचा. बटण दाबून ते परत अंथरुणात जाऊन पडायचे आणि डोळे मिटायचे. मग दहा मिनिटं स्वयंपाकघरात कोणीतरी असायचं. त्या दहा मिनिटांवर त्यांचा उरलेला दिवस निघायचा. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस असलं काही बोलत नाही.

आणि एका मंगळवारी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते.

"बाबा, आईचा तो पर्कोलेटर आहे ना, तसले पर्कोलेटर कंपनीनं परत मागवले होते."

"कधी?"

"सत्तावीस वर्षांपूर्वी."

"बरं. मग आता न्यायला माणूस येतोय का?"

"बाबा, थट्टा नको. हँडल निखळून उकळती कॉफी अंगावर सांडायची. तळाला हात लागला की शॉक बसायचा. मी यादी पाठवलीये, बघा. सुट्टीत मी चिमणीला घेऊन महिनाभर येणार आहे, आणि ती दिसेल त्याला हात लावते. ते यंत्र घरात असेल तर मी येणार नाही. आत्ताच स्पष्ट सांगते."

मापसाहेबांची नात चार वर्षांची. ती महिनाभर येणार म्हणून त्यांनी दिवस मोजायला घेतले होते. आणि आता एका पारड्यात ती आणि दुसऱ्यात पर्कोलेटर! माणसाला तराजू वाचता येतो म्हणून त्यानं सगळंच तोलावं, असं थोडंच आहे? त्यांनी ठरवलं की काहीही सोडायचं नाही. यंत्र निर्धोक आहे हे सिद्ध करायचं, म्हणजे दोन्ही राहतील.

यादी तशी सोपी होती. एकाच कंपनीचे, एकाच घाटाचे दोन पर्कोलेटर. तळावर चार आकडी मॉडेल नंबर. पहिले तीन आकडे दोघांचे सारखेच, सात, चार, एक. शेवटचा आकडा आठ असेल तर धोक्याचा, ताबडतोब बंद करा. तीन असेल तर खुशाल वापरा. मापसाहेबांनी यंत्र उलटं केलं, चष्मा पुसला, आणि वाचलं. सात. चार. एक. आणि पुढं एक गुळगुळीत, चकचकीत डाग.

इंग्रजी तीन आणि इंग्रजी आठ यांत फरक तो कितीसा? डाव्या बाजूच्या दोन कमानी. नेमकी तीच बाजू घासून साफ झाली होती. त्यांची बायको भांडी घासायची ती भांड्याशी जुनं वैर असल्यासारखी. एकतीस वर्षं, रोज, तारेच्या घासणीनं. झिजलेल्या आकड्यांची वजनं ठेवली म्हणून मापसाहेबांनी आयुष्यात किती दुकानदारांना दम दिला होता! "आकडा वाचता आला नाही तर वजन बाद," हे वाक्य त्यांच्या इतकं तोंडात बसलं होतं की झोपेतही निघायचं. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोनं, त्यांच्या नाकाखाली आकडा घासून टाकला होता.

त्यांनी खात्यातली जुनी युक्ती करून पाहिली. पातळ कागद तळावर ठेवायचा आणि वरून पेन्सिल आडवी फिरवायची. आकडा उमटला. कागद खिडकीकडे धरला की तीन, दिव्याकडे धरला की आठ. मग खडूची पूड लावली. तीन. फुंकर मारली. आठ. भिंग आणलं, तर भिंगातून त्यांना स्वतःचाच डोळा दिसला.

दुसरा कोणी असता तर त्यानं लेकीला फोन करून बिनधास्त सांगितलं असतं, "तीन आहे गं," आणि कॉफी लावली असती. कोण येणार होतं तपासायला? पण मापसाहेबांची जीभ त्यासाठी घडलेलीच नव्हती. नक्की सांगता येत नाही म्हटलं की तिसरा प्रकार. त्यांनी कपाटातून सुतळी काढली, लाखेचा तुकडा मेणबत्तीवर वितळवला, यंत्राला उभी-आडवी सुतळी बांधली, गाठीवर लाख लावली आणि अंगठ्यानं दाबली. बोट भाजलं. चिठ्ठी लिहिली, खाली सही, तारीख, वेळ. आणि नियमात आहे म्हणून 'जागेच्या दर्शनी भागावर सूचना' लावायला घेतली. दर्शनी भाग म्हणजे घराचं दार.

इथंच माशी शिंकली.

सकाळी आठ वाजता वरच्या मजल्यावरच्या वहिनी दूध घेऊन चढत होत्या. दारावर 'जप्त वस्तू, पडताळणी प्रलंबित' वाचलं आणि त्यांचा पाय पुढे पडेना.

"भाऊजी, अहो, कसली जप्ती आली तुमच्यावर? आणि आम्हाला कळवलंही नाहीत!"

"माझ्यावर नाही वहिनी, मी आणलीय."

"कोणावर?"

"पर्कोलेटरवर."

वहिनी आत आल्या, खुर्चीत बसल्या, आणि सुतळीत बांधलेल्या यंत्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "टाकून द्या हो. माझ्या मावसबहिणीचा मिक्सर असाच जुना होता. एक दिवस फुटला. झाकण छतात रुतून बसलंय, अजून काढता आलेलं नाही."

"मिक्सर वेगळा, हे वेगळं."

"वीज तर तीच ना?"

दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या इमारतीत झाली, आणि जिना उतरता उतरता तिला पाय फुटले. तळमजल्यावर ती पोचली तेव्हा मापसाहेबांच्या घरी बॉम्बसारखं काहीतरी होतं आणि ते त्यांनी स्वतः पकडलं होतं. माणसं बघायला येऊ लागली. प्रत्येकानं वाकून तळ पाहिला. निम्मे तीन म्हणाले, निम्मे आठ, आणि एका आजोबांना सहा दिसला. दोघांनी तर आपापले बंद पडलेले पंखे तपासायला आणून ठेवले.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे शांत माणूस, पण हातात कागद असला की त्यांच्या अंगात येतं. "साहेब, तुम्हीच दारावर लेखी लावलंय. आता लेखी म्हटल्यावर मला दखल घ्यावी लागते. तोंडी असतं तर मी कानाडोळा केला असता." हे ऐकून मापसाहेबांच्या मनाला फार लागलं. कारण चौतीस वर्षं हेच ते स्वतः लोकांना सांगत आले होते. येत्या रविवारी बैठकीत यंत्र निर्धोक असल्याचं दाखवा, नाहीतर इमारतीबाहेर काढा, असं पत्र सेक्रेटरींनी तिथल्या तिथं लिहिलं आणि पोच म्हणून मापसाहेबांची सही घेतली.

या सगळ्यात कॉफी बंद होती. कॉफीचं काही नव्हतं, चहा होता. पण साडेपाचला जाग यायची आणि घर गप्प असायचं. पहिल्या दिवशी मापसाहेब उठून बसले आणि तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओ लावून पाहिला, त्यावर कोणीतरी आनंदात होतं, म्हणून बंद केला. तिसऱ्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं की बायको गेल्याला आठ महिने झाले आहेत. तोवर ते कागदावर माहीत होतं.

चौथ्या दिवशी ते कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. कंपनी मधल्या काळात दोनदा विकली गेली होती आणि आता केस वाळवायची यंत्रं बनवत होती. काउंटरवरच्या मुलीनं सुतळी पाहिली, लाख पाहिली, आणि अदबीनं विचारलं, "काका, हे पार्सल कुठं पाठवायचंय?"

मापसाहेबांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मुलीनं कॉम्प्युटरमध्ये सात, चार, एक घातलं आणि थांबली. "शेवटचा आकडा?"

"तोच तर विचारायला आलोय."

"आकडा घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, काका."

"तिथं प्रश्नचिन्ह घाला."

"प्रश्नचिन्ह घेत नाही."

"मग नोंदवहीत बघा. एकतीस वर्षांपूर्वी खरेदी केल्यावर आमच्याकडून कार्ड भरून पाठवलं होतं. त्यावर पूर्ण नंबर असणार."

ही युक्ती मापसाहेबांना रस्त्यात सुचली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. मुलीनं शोधलं, आणि खरोखरच जुन्या नोंदीत काहीतरी सापडलं. "हो, आहे. पण नोंद बाईंच्या नावावर आहे. माहिती त्यांनाच देता येते. त्यांना घेऊन याल का?"

"त्या येऊ शकणार नाहीत."

"मग त्यांचं पत्र आणा. सहीचं."

"तेही जमणार नाही."

"अहो काका, दोन ओळी लिहून द्यायला काय जातं त्यांचं?"

मापसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्या वारल्या," ते म्हणाले. ऑफिसात कोणाच्या रजेचं कारण सांगावं तसं म्हणाले. मुलगी लाल झाली, "सॉरी, सॉरी काका," म्हणाली, आणि गडबडीत तिनं नियम सांगून टाकला, कारण तेवढंच तिच्याजवळ होतं. वारसाच्या नावावर यंत्र करून घ्यायचं, त्याला अर्ज, आणि अर्जासोबत मृत्यूचा दाखला.

दाखल्याच्या मापसाहेबांनी दहा प्रती काढून ठेवल्या होत्या. बँकेला दोन, पेन्शनला दोन, गॅसला एक, फोनला एक, अशा करत नऊ गेल्या होत्या. दहावी त्यांनी जवळ ठेवली होती, का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती त्यांनी बरोबर आणलेल्या फायलीत होती. त्यांनी काढली, तिची घडी सरळ केली, आणि कॉफीच्या किटलीच्या वारसाहक्कासाठी काउंटरवर ठेवली. मुलीनं ती दोन्ही हातांनी घेतली. अर्ध्या तासानं पडद्यावर त्या जुन्या कार्डाचं छायाचित्र उघडलं. नंबरच्या रकान्यात त्यांच्या बायकोच्या वळणदार अक्षरात सात, चार, एक होतं, आणि शेवटच्या आकड्यावर कंपनीच्याच कोणीतरी 'पोचले' असा रबरी शिक्का मारला होता.

मापसाहेब शिक्क्याकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी मारलेल्या शिक्क्यांखाली काय काय गेलं असेल, असा विचार त्यांच्या मनात प्रथमच आला.

रविवारच्या बैठकीबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. मापसाहेबांनी दोन साक्षीदारांसमक्ष सील तोडल्याचा पंचनामा केला, त्यात वीस मिनिटं गेली. मग पाणी भरलं. तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीतला प्लग लांब होता म्हणून सेक्रेटरींनी स्वतःच्या घरून वायरवाला जोडबोर्ड आणला. सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. वहिनींनी उशी छातीशी धरली होती. मापसाहेबांनी बटण दाबलं, आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली.

मग वरून कुठूनतरी टकटक ऐकू आली. वहिनींचे यजमान लिफ्टमध्ये होते. त्यांना बाहेर काढायला पाऊण तास लागला, आणि बाहेर आल्यावर ते मापसाहेबांना एवढंच म्हणाले, "साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मापसाहेबांना शिव्या परवडल्या असत्या. ते यंत्र छातीशी धरून जिना चढले. त्यांना कोणी वाट सोडली नाही असं नाही, उलट फारच सोडली.

लेकीला वहिनींनी लगेच कळवलं होतं. "बाबा, आता तरी ऐका. मी तिकीट रद्द करू का?"

"चार दिवस दे मला."

"कशासाठी एवढं? नवीन घेऊन देते मी तुम्हाला. चांगला, आवाज न करणारा."

"नको," मापसाहेब म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे रेडिओवाले आहेत. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं. त्यांनी पर्कोलेटर हातात घेतला, नंबराकडे बघितलंही नाही, हँडल हलवून पाहिलं आणि विचारलं, "याचा तळ कधी उघडलाय?"

"उघडतो?"

"तीन स्क्रू आहेत, साहेब."

चौतीस वर्षांत मापसाहेबांनी कुठलंही माप उघडलं नव्हतं. खात्यात उघडायची परवानगी नसे, नुसतं बाहेरून वाचायचं. रेडिओवाल्यांनी तळाची चकती काढली. आत पत्र्यावर तोच नंबर परत ठोकलेला होता. घासणी तिथवर पोचली नव्हती. सात, चार, एक, तीन. तीन असा स्पष्ट की रस्त्यावरून वाचावा. रेडिओवाल्यांनी मीटर लावला, तारा तपासल्या, आणि म्हणाले, "आठवाल्याचं हँडल एका स्क्रूवर असायचं, याला दोन आहेत. हा मजबूत आहे. वीज कुठल्या बोर्डावरून घेतली होती?"

"सेक्रेटरींच्या."

"तो बोर्ड आधी टाकून द्यायला सांगा."

मग खात्री म्हणून त्यांनी पाणी घातलं आणि बटण दाबलं. गल्लीत हातगाड्या चालल्या होत्या, समोर कोणी पत्रा कापत होतं. त्यातून एक खाकरल्यासारखा आवाज आला. मग गप्प. मग दोनदा. मग सलग. मापसाहेब रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. रेडिओवाले खाली पडलेला स्क्रू शोधू लागले, आणि स्क्रू पडलेला नसल्यामुळे त्यांना तो बराच वेळ सापडला नाही.

प्रमाणपत्र लिहायची रेडिओवाल्यांवर कधी वेळ आली नव्हती. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागं लिहून दिलं: 'हँडल पक्कं. शॉक नाही. यंत्र चांगलं आहे. वापरा.' स्वल्पविरामासाठी अर्ज परत पाठवणाऱ्या मापसाहेबांना त्यात एकही चूक काढावीशी वाटली नाही.

शनिवारी दुपारी लेक आली. चिमणी आल्या आल्या घरभर धावली आणि दमून सोफ्यावर झोपली. मापसाहेबांनी लेकीसमोर टेबलावर पर्कोलेटर ठेवला आणि शेजारी फाईल. पेन्सिलीचा ठसा, सेक्रेटरींचं पत्र, पंचनामा, सेवा केंद्राचा अर्ज, कॅलेंडरचं पान, सगळं तारखेनुसार लावलेलं, वर अनुक्रमणिका. त्यांनी घसा साफ केला. "तीन आहे," ते म्हणाले. "आता नक्की सांगता येतं."

लेक हसत हसत पानं उलटू लागली. पंचनाम्याला तर तिला खुदकन हसू आलं. मग ती अर्जाशी आली. 'सोबत: मृत्यूचा दाखला, शेवटची प्रत.' तिचं बोट त्या ओळीवर थांबलं, आणि तिनं फाईल मिटली.

"बाबा, ती यादी मी मुद्दाम शोधली होती."

"म्हणजे?"

"आठवडाभर शोधत होते. म्हटलं, या यंत्राविरुद्ध काहीतरी सापडेल. सापडलं तेव्हा बरं वाटलं मला." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "आई गेली तेव्हा मी इथं राहिले होते ना. रोज साडेपाचला तो आवाज यायचा. मी झोपेत असायचे. दरवेळी वाटायचं, आई उठली. मी पांघरूण बाजूला करायचे, आणि मग आठवायचं. रोज, बाबा. रोज नव्यानं."

"मग तेव्हाच सांगायचंस, बाळ."

"काय सांगू? तुम्ही सकाळची कॉफी करू नका म्हणून? एवढं एकच तर करत होतात तुम्ही."

मापसाहेबांना बोलायचं होतं. ज्या आवाजानं ती दचकून उठायची, त्या आवाजासाठीच ते डोळे मिटून पडायचे, हे तिला सांगावं असं त्यांच्या फार मनात आलं. पण हे सांगितलं तर ती यंत्र राहू देईल आणि महिनाभर दात आवळून ऐकत राहील, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी नाही सांगितलं. आयुष्यात खरं दडवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"मला काय, चहाही चालतो," ते म्हणाले. स्टूल घेतलं, पर्कोलेटर कागदात गुंडाळला आणि माळ्यावर अगदी मागं सरकवून ठेवला. खाली उतरल्यावर त्यांनी फायलीच्या शेवटच्या पानावर शेरा लिहिला: 'निर्धोक. तरी वापर बंद.' असा शेरा खात्याच्या इतिहासात कोणी लिहिला नसेल. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांना साडेपाचलाच जाग आली. घर गप्प होतं. आत दोन जीव झोपले होते, त्यांना जाग येऊ नये म्हणून ते अनवाणी स्वयंपाकघरात गेले. पातेलं ठेवताना खाली फडकं घातलं. चमचा कपात न ठेवता हातातच धरला. लेकीसाठी साध्या पातेल्यात कॉफी करायची, एवढं तरी धड जमावं म्हणून ते वाकून पाण्याकडे बघत होते, तेवढ्यात त्यांना वाटलं की मागं कोणीतरी आहे.

दारात लेक उभी होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"अगं, झोप की. मी आवाज केला का?"

तिनं मान हलवली. "नाही केलात."

"मग कधीची जागी आहेस?"

"पाचपासून." ती चौकटीला टेकली. "येणार नाही हे माहीत होतं, तरी वाट बघत होते. साडेपाच झाले. पावणेसहा झाले." "बाबा, आज आई उठलीच नाही."

पातेल्यातली कॉफी वर आली आणि ओट्यावर सांडली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. मापसाहेबांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला जवळ घेतलं. बायको गेल्यापासून ते पहिल्यांदाच कोणासमोर रडले, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी गॅस बंद केला, कोपऱ्यातलं स्टूल ओढून माळ्याखाली आणलं आणि वर चढले.

"घट्ट धर," ते म्हणाले.

लेकीनं दोन्ही हातांनी स्टूल धरलं.